वेडावून वाजवलेलं गाणं

नॅशव्हिलमध्ये गाणाऱ्यांना कधीच तोटा नव्हता. पेट्रोल पंपावर टाकी भरणारा गायचा, हॉटेलात कॉफी ओतणारी गायची, दात काढणारा डॉक्टरसुद्धा पेशंटच्या तोंडात बोटं घालून आपली नवीन चाल गुणगुणायचा. या सगळ्यांबद्दल होबर्ट टिडवेलचं मत एकच होतं. यांच्यातल्या शंभरांपैकी नव्वदांना बसमध्ये कोंबून घरी पाठवावं, आणि उरलेल्या दहांना चालत.

होबर्ट स्टील गिटार वाजवायचा. गळ्यात अडकवून मिरवायची गिटार नव्हे. चार पायांवर टेबलासारखी आडवी मांडलेली, दहा तारांची, पावलांखाली पॅडल आणि गुडघ्यांशी दांडे असलेली. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवली की सूर हुंदका दिल्यासारखा ओढला जातो. कंट्री गाण्यात कुणाची आई गेली, कुणाची बायको पळाली, की रडायचं काम या वाद्याकडे. होबर्ट ते सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा तीन पाळ्यांत करायचा, आणि घरी जाऊन टोमॅटोला पाणी घालायचा.

जन्म उत्तर अलाबामातल्या कापड गिरणीच्या वस्तीतला. मागांच्या खडखडाटानं बापाचे कान गेलेले, त्यामुळे घरात पोरानं किती बेसूर वाजवलं तरी कुणी ओरडणारं नव्हतं. टपालानं धडे मागवून होबर्ट स्टील गिटार शिकला, आणि शिकला तो इतका नेटका, की बाविसाव्या वर्षी एका नावाजलेल्या गायकाच्या बसमध्ये त्याला जागा मिळाली. आठ वर्षं तो त्या बसच्या मागच्या बाकावर बसून गावोगाव हिंडला. मग टेक्सारकानाच्या जत्रेत तो नावाजलेला गायक स्वतःच्याच गाण्याचं दुसरं कडवं विसरला. चार हजार माणसांसमोर मागे वळून, होबर्टकडे बोट दाखवून म्हणाला, "माफ करा हं मंडळी, आमचे स्टीलवाले आज अजून झोपेत आहेत." मंडळी पोट धरून हसली. होबर्टनं ते गाणं एकही सूर न चुकता संपवलं, वाद्य पेटीत घातलं आणि स्टँडवर जाऊन नॅशव्हिलची गाडी पकडली.

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचं, एवढंच. पण त्या दिवसापासून गाणाऱ्या जातीवरचं त्याचं मन जे उठलं ते उठलंच. गायक माईकसमोर डोळे मिटून गळा काढत असताना होबर्ट मनगटावरचं घड्याळ बघायचा. गायकांची नावं लक्षात ठेवायचा नाही. 'निळा शर्ट', 'मोठे दात', 'खोटा टोप' अशी त्याची नोंद असे. दोन गाण्यांच्या मधे बाकीचे वादक सिगारेटी ओढत, होबर्ट बियाण्यांचा कॅटलॉग वाचे.

"हा जॉनी चांगला गातो रे," शेजारी बसणारा बास वाजवणारा ज्युनिअर बीझली एकदा म्हणाला.

"कोण जॉनी?"

"हाच की! तीन तास समोर उभा आहे तो!"

"असेल," होबर्ट पान उलटत म्हणाला. "गाढवाच्या पुढं उभं राहायचं नाही आणि मागंही नाही. मी बाजूला बसतो."

एकोणीसशे एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी सकाळी दहाच्या पाळीला डेनी रे क्लेबर्न आला. चोवीस वर्षांचा, आर्कान्सामधला, कोंबड्यांचा ट्रक चालवणारा. होबर्टच्या मते त्याला गाणंही त्या कोंबड्यांनीच शिकवलं असावं. त्याची पहिली रेकॉर्ड आदल्या वर्षी निघाली होती. कंपनीनं त्याला हिरवा चकचकीत सूट चढवला होता, मागे बारा व्हायोलिनं लावली होती, आणि ती रेकॉर्ड त्याच्या गावात खपली होती, तीही दोन घरांत मिळून एक. आता कंपनीचं म्हणणं होतं, की आणखी एक रेकॉर्ड होऊ दे, नाही चालली तर पोरगं आपलं ट्रकवर बरं. तीन पाळ्या आणि दहा गाणी. रेकॉर्डिंगची सूत्रं हॉलिस फारच्या हातात होती. काचेपलीकडच्या खोलीत बसून तो हुकूम सोडायचा, चांगला माणूस, पण दोन पाळ्यांनंतर कुणाशीही लग्न लावून देईल इतका घायकुतीला यायचा.

पहिलं गाणं होतं 'मागची पायरी'. डेनी रेनं स्वतःच लिहिलेलं. आई मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसते, पोराला जेवायला हाका मारते, पोरगं येत नाही. मोठा होऊन येतं तेव्हा पायरी असते, आई नसते. गोष्ट एवढीच. तेवढ्यासाठी चार कडवी! होबर्टनं गाण्याचा कागद बघितला आणि घड्याळही बघितलं.

पोरगं गायला लागलं आणि पहिल्याच कडव्यात सगळे एकमेकांवर आदळले. चार मात्रांचं गाणं, शेंबड्या पोरालाही कळेल असं. पण डेनी रे कुठे पाच मात्रा घ्यायचा, कुठे सहा. एखादा शब्द त्याला आवडला की तो तिथेच रेंगाळायचा, रस्त्यात ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. सूरही केसभर खाली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आदळले. असं सात वेळा झालं.

होबर्टनं कांडी खाली ठेवली. "पोरा, चारपर्यंत मोजता येतं ना तुला?"

"तीनपर्यंत येतं, मिस्टर होबर्ट," डेनी रे म्हणाला. "मग श्वास लागतो."

सगळे हसले. पोरगंही हसलं, पण त्याचे कान तांबडेलाल झाले.

काचेमागून हॉलिसचा आवाज आला. "होबर्ट, त्याला जरा सरळ करता येईल का?"

"कुत्र्याचं शेपूट कधी सरळ झालंय, हॉलिस?"

हे सगळं पोराच्या तोंडावर. तो गिटारीची तार उगाच पिळत उभा राहिला. त्याच्या पायात गमबुटांसारखे जाड बूट होते, त्यांना अजून कसलीतरी पिसं चिकटलेली होती. होबर्टला ती पिसं बघून आणखीच तिडीक आली. बारा वर्षं तो अशा लोकांची गाणी निस्तरत होता. यांनी सांडायचं, त्यानं पुसायचं. आणि कव्हरवर फोटो यांचा.

तो ज्युनिअरकडे वाकला. "पुढच्या खेपेला कुणी मोजू नका. हा थांबेल तिथं थांबा, पडेल तिथं पडा. ढोलवाल्यालाही सांग. याचं याला एकदा ऐकू दे."

"काय करणार आहेस?"

"आरसा दाखवतो."

लाल दिवा लागला. डेनी रेनं पहिली ओळ म्हटली, आणि होबर्टनं ती वेडावून दाखवली. ओळ जिथे केसभर उतरली होती तिथे तार बरोबर तेवढीच केसभर उतरवली. पोराचा आवाज चिरकला तिथे सूर चिरकवला. श्वास घ्यायला तो जिथे हपापून थांबला तिथे कांडी अशी उचलली, की तारेलाही उचकी लागावी. ज्युनिअरनं ओठ चावला. ढोलवाल्यानं तोंड भिंतीकडे केलं. आता हा शरमून थांबेल, हॉलिस ओरडेल, पंधरा मिनिटांची सुटी होईल, असा होबर्टचा हिशेब होता.

पोरगं थांबलं नाही. त्यानं डोळे मिटले आणि आणखी सावकाश गायला लागला. प्रत्येक ओळीनंतर गप्प राहून वाट बघायला लागला, हाक मारून उत्तराची वाट बघावी तशी. होबर्ट चिडला. पळशील कुठे, असं मनाशी म्हणत तो पोराच्या पाठीच लागला. शेवटच्या ओळीत 'पायरी' या शब्दावर तर डेनी रे असा थांबला की आता परत येतो की नाही. कुठे उतरणार हे कळायला काही मार्ग नव्हता. तेव्हा होबर्टनं मान वर करून गायकाच्या तोंडाकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. पोराची हनुवटी हलली, आणि दोघं एकाच क्षणी खाली उतरले.

दिवा विझला. काचेमागे हॉलिस उभा होता.

"कुणी हलू नका," तो म्हणाला. "हेच. सगळी गाणी अशीच करायची."

"हॉलिस, मी थट्टा करत होतो," होबर्ट म्हणाला.

"तू काय करत होतास मला माहीत नाही. उरलेल्या नऊ गाण्यांतही तेच कर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. होबर्टनं उरलेली नऊ गाणी दातओठ खात वेडावून काढली. हुकमी टिंगल करणं सोपं नसतं. त्यासाठी पोराच्या प्रत्येक शब्दावर कान लावून बसावं लागलं, बियाण्यांचा कॅटलॉग पेटीतच राहिला. गुरुवारी शेवटचं गाणं झालं तेव्हा त्याची मान अवघडली होती. "असला भिकार आठवडा मी गिरणीतसुद्धा काढला नव्हता," असं त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

रेकॉर्ड मार्चमध्ये निघाली. नाव 'मागची पायरी'च. कव्हरवर डेनी रे एका पायरीवर मांडीत टोपली घेऊन बसलेला. टोपलीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती, ती फोटोतही दिसत होती. होबर्टनं ते कव्हर स्टुडिओत सगळ्यांना बोट ठेवून दाखवलं. "एवढीसुद्धा अक्कल नाही बघा," असं म्हणाला. पण मे महिन्यापर्यंत ट्रकवाल्यांच्या धाब्यांवरच्या, नाणं टाकून गाणं लावायच्या पेट्यांत दुसरं गाणं वाजेना. जूनमध्ये तर शेजारचा पाद्री रविवारच्या प्रवचनात शेंगांची टोपली घेऊन आला.

सगळ्यांत वाईट गोष्ट घरातच घडली. होबर्टची बायको व्हर्डी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस सेट करायची. तीन खुर्च्या आणि दोन ड्रायर. नवऱ्यानं वाजवलेली रेकॉर्ड तिनं कधी विकत आणली नव्हती. ही आणली. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर लावायची ती संध्याकाळपर्यंत. मिसेस पोमरॉय नावाची एक बाई ड्रायरखाली बसून दर आठवड्याला इतकी रडायची की तिचा चेहरा पुन्हा धुवावा लागे. ड्रायरच्या घरघराटात तिला ऐकू काय येत होतं देव जाणे.

"बाराशेच्या वर गाणी वाजवली मी," होबर्ट एकदा जेवताना म्हणाला. "त्यांतलं एकही तुला कधी ऐकावंसं वाटलं नाही?"

"ती नीट होती," व्हर्डी म्हणाली.

"मग?"

"नीटच होती." तिनं त्याच्या ताटात मक्याच्या पावाचा आणखी एक तुकडा ठेवला. "त्यांत कोण वाजवतंय ते कळायचं नाही. यात कळतं."

"यात मी बेसूर आहे!"

"हो ना," व्हर्डी म्हणाली. "घरात असतोस तसाच."

होबर्ट त्या दिवशी तो तुकडा ताटातच टाकून उठला.

फोन घणघणायला लागले. गावातल्या प्रत्येक स्टुडिओला आता 'ते क्लेबर्नवालं' हवं होतं. खणखणीत सुरात गाणाऱ्या बाईच्या मागेही होबर्टनं चिरकावं अशी फर्माईश. कालपर्यंत सुरात वाजवणारी तरुण पोरं मुद्दाम केसभर उतरून वाजवायला लागली. न्यूयॉर्कहून एका मासिकाचा माणूस आला. जाड चष्मा लावून त्यानं विचारलं, की एवढं दुःख आपण कुठून आणलंत? "दुःख कसलं डोंबलाचं?" होबर्ट म्हणाला. "पोरगं बेसूर होतं, मी त्याची नक्कल केली." मासिकात छापून आलं, की थोर कलावंत किती विनयशील असतात बघा.

होबर्टनं तो अंक टोमॅटोच्या वाफ्यात तण येऊ नये म्हणून अंथरला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, दारात गाडी थांबली. डेनी रे उतरला. एका हातात खारवलेलं डुकराचं अख्खं तंगडं, दुसऱ्या हातात काकवीची बरणी. अंगावर नवा कोट, पण बूट तेच. व्हर्डीनं त्याला ओसरीवर बसवून बर्फाचा चहा दिला आणि दोघांना सोडून ती आत गेली. खिडकी मात्र तिनं उघडी ठेवली.

"मिस्टर होबर्ट, आम्ही पुढच्या महिन्यात दौऱ्यावर निघतोय. बेचाळीस गावं. तुम्ही याल का?"

"नाही."

"टेलिव्हिजनवर तरी?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

पोरगं मान हलवत राहिलं. उत्तर हेच येणार हे त्याला ठाऊक असावं. मग म्हणाला, "ते तुम्ही वाजवलंत ना, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. माझी आई गेली होती. रेकॉर्डिंगच्या आठ आठवडे आधी."

होबर्टला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. तो कडवट माणूस होता, पण खोटारडा नव्हता. न कमावलेले आभार त्याच्या घशाखाली उतरेनात.

"हे बघ पोरा. मी तुझी टिंगल करत होतो. तुला वेडावत होतो. सगळ्या वादकांना माहीत होतं ते."

"मलाही माहीत होतं, सर."

"काय?"

"काचेत दिसत होते की सगळे हसताना." डेनी रे बरणीच्या झाकणाशी चाळा करत होता. "माझी आई अशीच करायची. मी लहानपणी रेडिओवरची गाणी म्हणायचो, ती भांडी घासताना मला वेडावून दाखवायची. हुबेहूब. माझा आवाज फुटत होता तेव्हा तर रोज. तुम्ही पहिल्या ओळीला सुरू केलंत आणि मला वाटलं, अरे, ही तर मागच्या दारात उभी आहे. म्हणून मी थांबत होतो. ती आणखी काय करते ते ऐकायला."

होबर्ट उठला आणि वाफ्यातले चार टोमॅटो तोडून घेऊन आला. पिशवीत घालून त्यानं ते पोराच्या हातात कोंबले. "हे घे. शेजारच्यासारखे पिचपिचीत नाहीत." गाडी गेल्यावर व्हर्डी बाहेर आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "बाईला कान होते म्हणायचे. पोरगं बेसूर आहे हे तिला आधीच कळलं होतं."

यानंतर त्याचं मत बदललं असं कुणाला वाटेल. छे! गाणाऱ्यांबद्दलचा तुच्छभाव त्याचा होता तसाच राहिला, फक्त त्यात आता स्वतःचाही वाटा पडला. कारण पुढच्या वर्षी जे झालं त्यात त्याचा हात होता.

डेनी रेची तिसरी रेकॉर्ड. हॉलिस आता मोठा माणूस झाला होता, व्हायोलिनं परत आली होती. आणि डेनी रेनं शिकवणी लावली होती. एवढ्या लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलंय, तर आता नीट शिकलं पाहिजे, असं त्या भाबड्याला वाटलं. चर्चमधल्या पियानो शिकवणाऱ्या बाईकडे तो आठवड्यातून दोनदा जायचा. तो माईकसमोर उभा राहिला, आणि गाणं एक-दोन-तीन-चार असं शाळेतल्या रांगेसारखं निघालं. सूर जागच्या जागी. कुठे रेंगाळणं नाही, कुणाची वाट बघणं नाही. होबर्टनं वाजवलं, पण वेडावायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याची नजर घड्याळाकडे गेली होती.

गाणं संपल्यावर पोरगं धावत त्याच्याकडे आलं. सगळा चेहरा फुललेला. "मोजलं मी, मिस्टर होबर्ट! कसं झालं?"

खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. टेप पुसता आली असती, व्हायोलिनवाल्यांना घरी पाठवता आलं असतं. त्या खोलीत हे कळलेला एकच माणूस होता. पण चारपर्यंत मोजता येत नाही म्हणून ज्याचे कान आपण लाल केले, त्याला आता कुठल्या तोंडानं सांगायचं की मोजू नकोस?

"नीट," होबर्ट म्हणाला.

रेकॉर्ड आपटली. त्याच्या पुढचीही आपटली. लोकांनी चार वर्षं 'मागची पायरी' मागितली आणि मग तेही थांबले.

अठ्ठ्याहत्तर साली कुठल्याशा नव्या कंपनीनं जुनी गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड करून विकायचं काढलं. मूळ गायक आणि मूळ वादक जमवले. डेनी रे आता तेहतिशीचा, पट्ट्यावरून पोट ओघळलेलं. होबर्ट एक्कावन्नचा. काचेमागे एक केस वाढवलेला, चष्मा लावलेला नवा पोरगा बसला होता. त्यानं जुनी रेकॉर्ड वाजवून दाखवली आणि म्हणाला, "अगदी अशीच हवी."

दोघांनी अगदी तशीच केली. डेनी रे पूर्वी जिथे अडखळला होता तिथे आता मोजून अडखळला. 'पायरी'वर थांबून त्याची पावलं बुटांत मात्रा मोजत होती, ती होबर्टला दिसली. होबर्टनं नऊ वर्षांपूर्वीचा प्रत्येक चिरका सूर हुबेहूब काढला. तिसऱ्या कडव्यात त्याला एकदम शिसारी आली. स्वतःच्या हातांची. लाल दिवा चालू असताना त्यानं कांडी उचलून बाजूला ठेवली. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"अहो, थांबलात का? काय सुंदर चाललं होतं!" केसाळ पोरगा काचेमागून ओरडला.

"देवानं तुला कान दिलेत ते चष्मा अडकवायला का रे?" होबर्ट म्हणाला, आणि तारांवर कापड टाकून उठला.

डेनी रे त्याच्यामागून बाहेर आला. दोघं जवळच्या खाणावळीत जाऊन बसले. राजमा, मक्याचा पाव, शिजवलेला पाला.

"माझ्या मेहुण्याचं तळ्यावर दुकान आहे," डेनी रे म्हणाला. "गळ, गांडुळं, भाड्याच्या होड्या. तो म्हणतोय, ये सोबतीला. जावं म्हणतो."

"जा," होबर्ट म्हणाला. मग थोड्या वेळानं, ताटातून वर न बघता, "ती पायरी खरंच होती का रे?"

"होती की. तिसरी फळी मोडकी होती. आई ओरडायची, तिथं बसशील तर थेट कोंबड्यांत जाऊन पडशील. ते मला गाण्यात घालायचं होतं. पण बसेना."

"बसलं असतं," होबर्ट म्हणाला. "तेव्हा तुझ्या गाण्यात काहीही बसलं असतं. मोजायला लागलास आणि जागा संपली. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

डेनी रेनं पावाचा तुकडा राजम्यात बुडवला. "मी ऐकलंही नसतं, सर. मला मोजता येत होतं ना तेव्हा. फार अभिमान होता त्याचा."

"मूर्ख आहेस."

"हो, सर."

होबर्टनं त्यानंतर आणखी सात वर्षं स्टुडिओत काढली, आणि बोटांच्या सांध्यांनी दगा दिल्यावर थांबला. डेनी रे तळ्यावर गेला तो तिथलाच झाला. दर शनिवारी गावच्या आगबंबवाल्यांच्या जेवणावळीत तो गायचा म्हणे, आणि लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहून गप्पा मारत ऐकायचे.

एका एप्रिलमध्ये व्हर्डीनं फारच धोशा लावला म्हणून होबर्ट तिला घेऊन तिकडे गेला. दोन दिवसांत परत यायचं ठरलं होतं. होडीत बसून पाण्याकडे बघत राहणं हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे, असं त्यानं पहिल्याच सकाळी जाहीर केलं. तिथला मासा चिखलासारखा लागतो, डासांना अदब नाही, डेनी रेला होडी सरळ रेषेत वल्हवता येत नाही, अशी त्याची तक्रार रोज चालू होती. ते दोघं तिथे नऊ दिवस राहिले.